काचेला घाम का फुटतो?

माझे बाबा नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून बजबजला आहेत. हे नाव ऐकून वर्गातले आधी हसतात आणि मग ते आहे कुठे असे विचारतात. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळी नदीच्या काठावरचे हे जुने बंदर. ‘कोमागाटा मारू’ जहाजाचे प्रवासी २९ सप्टेंबर १९१४ रोजी इथेच उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याआधी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद इथे जहाजातून उतरून रेल्वेने सियालदहला गेले. आता तिथे तेलाच्या मोठमोठ्या टाक्या, ज्यूटच्या गिरण्या आणि एक औष्णिक वीज केंद्र आहे. आणि पाणी, जिकडे तिकडे पाणी. एका बाजूला नदी, बाकी सगळीकडे पुकुर म्हणजे तळी.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जातो. आपल्या शाळेच्या मैदानावर डिसेंबरात पहाटे पीटीला जी थंडी वाजते, तिच्यापुढे बजबजची थंडी काहीच नाही. तापमान बहुतेक वेळा १३-१४ अंशांच्या खाली जात नाही. तरी तिथली माणसे मंकी टोपी घालून फिरतात याचे मला पहिल्या वर्षी हसू यायचे. पण तिथली थंडी ओली असते. पहाटे अंगणातली सायकल धुऊन काढल्यासारखी दिसते आणि दोरीवरचे कपडे सकाळी रात्रीपेक्षा जास्त ओले असतात. अशा हवेत चार माणसे गाडीत बसली आणि दारे लावली, की गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत समोरचे दिसेनासे होते. आमच्या वसाहतीत गाडी चालवणारे दादा म्हणतात, “काच घेमे गेछे.” म्हणजे काचेला घाम आला.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. मागच्या जानेवारीत वसाहतीतली एक गाडी पहाटेच्या पाळीच्या माणसांना घेऊन निघाली होती. चालवणाऱ्याने हाताने काच पुसून बशीएवढी जागा साफ केली होती आणि तेवढ्यातूनच तो बघत होता. डावीकडून गिरणीचा एक कामगार सायकलवर आला. तो त्या बशीच्या बाहेर होता. वेग कमी होता म्हणून फक्त मनगटाचे हाड मोडले. सायकलला दिवा होता, गाडीचे ब्रेक चांगले होते, चालवणारा वीस वर्षे गाडी चालवत आलेला. सगळे ठीक होते, फक्त काच नव्हती. त्या दिवसापासून मी या घामाच्या मागे लागलो.

सगळ्यात आधी हे ठरवावे लागते की पाणी काचेच्या कुठल्या बाजूला आहे. आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर पाणी आत आहे. नाही उमटली तर ते बाहेर आहे आणि त्याला वायपर पुरेसा आहे. हे फार सोपे वाटेल, पण मी कितीतरी लोकांना बाहेरच्या दवासाठी आतून कापड घासताना पाहिले आहे.

दहावीच्या विज्ञानात दवबिंदू तापमान आहे. परीक्षेसाठी आपण त्याची व्याख्या पाठ करतो. गाडीत बसल्यावर ती व्याख्या डोळ्यांसमोर घडते. हवेत पाण्याची वाफ असते, पण किती वाफ मावेल याला मर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते. १५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे १३ ग्रॅम वाफ मावते, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम, आणि ५ अंशांना फक्त ७ ग्रॅमच्या आसपास. मर्यादेपेक्षा जास्त झालेली वाफ पाणी होऊन बसते, आणि बसायला तिला सगळ्यात थंड जागा सापडते. गाडीत ती जागा म्हणजे काच.

आता गणित करू. मध्यम आकाराच्या गाडीत साधारण ३ घनमीटर हवा असते. पहाटे १५ अंश तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता धरली तर आणखी जेमतेम ४ ग्रॅम वाफ मावण्याइतकी जागा उरते. माणूस नुसत्या श्वासातून दिवसाला साधारण ४०० मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो, म्हणजे तासाला १६-१७ ग्रॅम. चार माणसांचे झाले तासाला ६५ ग्रॅमहून जास्त, मिनिटाला एक ग्रॅमपेक्षा थोडे अधिक. ४ ग्रॅमची जागा भरायला चार मिनिटेही लागत नाहीत. अंगातून न दिसता जाणारी वाफ, ओले बूट, आईच्या हातातला चहाचा थर्मास हे यात धरलेलेच नाही. गाडीतली हवा माणसांमुळे थोडी गरम होते आणि जास्त वाफ धरू शकते हे खरे, पण काच थंडच राहते. तिला लागून असलेली हवा काचेच्या तापमानाला येते आणि तिथेच पाणी सोडते.

समोरची काच आधी धुरकट होते आणि बाजूच्या नंतर, याचेही कारण आहे. समोरची काच तिरपी असते, आकाशाकडे तोंड करून. रात्री निरभ्र आकाशाखाली उघडी असलेली वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने १८१४ मध्ये दवावरच्या निबंधात हे प्रयोगांनी दाखवले होते. दव आकाशातून पडत नाही. थंड झालेल्या वस्तूवर जागच्या जागी जमते. म्हणून झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली लावलेल्या गाडीवर दव फार कमी असते. आमच्या वसाहतीत शेडखालच्या जागेसाठी थोडी चढाओढ असते, ती उन्हाळ्यातल्या सावलीसाठी. तिचा हिवाळ्यात जास्त उपयोग आहे हे मी दोन-तीन काकांना समजावून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले.

आता पुसण्याबद्दल. पुसल्याने काचेवरचे पाणी जाते, हवेतले जात नाही. हवा होती तशीच ओली असते, म्हणून अर्ध्या मिनिटात काच पुन्हा भरते. हाताने पुसले तर त्वचेचे तेल काचेवर राहते आणि समोरून दिवे आले की त्या पट्ट्या चकाकतात. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा आपल्याकडे मोटार वाहनांचा नियम आहे. गंमत अशी की घाम आलेल्या काचेतून उजेड भरपूर येतो. अंधार नसतोच. प्रत्येक थेंब एकेक छोटे भिंग होऊन उजेड भलतीकडे वळवतो, त्यामुळे पांढरा पडदा दिसतो आणि माणूस दिसत नाही. समोरून ट्रक प्रखर दिवे लावून आला की तो पडदा आणखी पांढरा होतो.

मग करायचे काय? हवेतले पाणी काढायचे. त्यासाठीचे यंत्र गाडीत आधीपासूनच बसवलेले आहे, पण थंडीत ते लावायला कुणी तयार नसते. त्याचे नाव एसी. आमच्या घरी हे बोलल्यावर आई म्हणाली, “एवढ्या थंडीत एसी लावून पोरांना सर्दी करायची आहे का?” बाबा म्हणाले, “पेट्रोल काय फुकट येतं?” दोघांचे म्हणणे एका गैरसमजावर उभे आहे, की एसी म्हणजे गार हवा. एसीमध्ये हवा आधी एका अतिशय थंड जाळीवरून जाते. तिथे हवेतले पाणी थेंब होऊन गळते आणि नळीने गाडीखाली सांडते. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली ओला डाग दिसतो तो हाच. म्हणजे काचेवर बसू पाहणारे पाणी त्या जाळीवर बसते. त्यानंतर तीच हवा हीटरवरून नेता येते. तापमानाचा खटका लाल बाजूला फिरवा आणि एसीचे बटणही दाबा, दोन्ही एकत्र. ५ अंशांपर्यंत थंड होऊन फक्त ७ ग्रॅम वाफ उरलेली हवा २५ अंशांना तापवली तर तिची आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. अशी कोरडी, उबदार हवा काचेवर सोडली की काच टॉवेलने टिपल्यासारखी कोरडी होते. कुणाला सर्दी होत नाही. आईने स्वतः बसून पाहिले आणि मगच परवानगी दिली.

दुसरी गोष्ट बाहेरच्या हवेची. डॅशबोर्डवर एक बटण असते, त्यावर गाडीचे चित्र आणि गाडीच्या आत फिरणारा बाण असतो. ते दाबलेले असले की आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते, म्हणजे चौघांचा श्वास चौघांच्यातच. शहरातल्या धुळीमुळे आणि धुरामुळे लोक ते वर्षभर दाबून ठेवतात. पहाटे ते बंद करायला हवे. बाहेरची हवा ओली आहे मग ती आत कशाला घ्यायची, असा प्रश्न मलाही पडला होता. पण आकडे पाहा. बाहेरच्या १५ अंशांच्या हवेत ९० टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला १२ ग्रॅमच्या आसपास वाफ. हीच हवा २५ अंशांना तापवली, तर तिथे २३ ग्रॅमची सोय असते, म्हणून आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते. धुक्यातली हवासुद्धा तापवल्यावर कोरडी वागते.

मी वहीत चार सकाळची नोंद ठेवली. तेच चौघे, तीच गाडी, अंगणात उघड्यावर उभी, काच पूर्ण धुरकट होऊ दिली आणि मग घड्याळ लावले. नुसते पुसले, तर मिनिटाच्या आत परत वाफ. आतलीच हवा फिरवत हीटर लावला, तर थोडे साफ झाले आणि मग हळूहळू पुन्हा भरू लागले. बाहेरची हवा आणि हीटर, साधारण पाच मिनिटे. बाहेरची हवा, हीटर आणि एसी एकत्र, दोन मिनिटांच्या आत. ही काही प्रयोगशाळा नव्हती. रोजचे तापमान वेगळे होते आणि माझी धाकटी बहीण मुद्दाम काचेवर फुंकर मारत होती. पण दोन मिनिटे आणि पाच मिनिटे यांतला फरक फुंकरीचा नाही. पेट्रोलचा प्रश्न बाबांनीच सोडवला. ते म्हणाले, दोन मिनिटांचं पेट्रोल मनगटापेक्षा स्वस्त आहे.

अनेक गाड्यांत हे सगळे एकाच बटणात असते. त्यावर पंख्यासारखा आकार आणि वर जाणारे तीन नागमोडी बाण असतात. ते दाबले की वारा समोरच्या काचेवर जातो आणि बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो. चौकोनातले तसेच बाण मागच्या काचेचे. त्या काचेत बारीक तारा असतात, त्या विजेने तापतात. मागच्या काचेला आतून स्टिकर लावून नंतर ते ब्लेडने खरवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण तार तुटली की तेवढी ओळ कायमची धुरकट.

एसी नसलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीचे काय? दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघडा. थंडी वाजेल, पण दिसेल. याशिवाय साबणाचा एक जुना उपाय आहे आणि तो खरोखर चालतो. काच आधी स्वच्छ पुसायची, मग शॅम्पूचा एखादा थेंब किंवा दाढीचा फेस ओल्या कापडावर घेऊन आतून पातळ लावायचा आणि कोरड्या कापडाने पूर्ण दिसेनासा होईपर्यंत घासायचा. साबणाच्या अदृश्य थरामुळे पाण्याचे थेंब उभे राहत नाहीत, ते पसरून सपाट होतात. पाणी काचेवर असतेच, पण त्याची भिंगे होत नाहीत, म्हणून आरपार दिसते. काही दिवसांनी थर जातो, परत लावावा लागतो. मी काचेच्या अर्ध्या भागाला लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे मधोमध रेघ आखल्यासारखी दिसत होती. एका बाजूला पांढरे, दुसऱ्या बाजूला समोरच्या घराचे फाटक. चष्मा लावणाऱ्या छात्रांनी मेसमध्ये गरम चहाच्या वेळी करून पाहायला हरकत नाही, फक्त आधी उस्तादांना सांगून. दाढीचा फेस कुठून आला हे विचारले जाईल.

हाच त्रास एकदा अवकाशात झाला होता. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९-ए मोहिमेत अमेरिकन अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर पडले. श्रमाने ते इतके तापले आणि घामाघूम झाले की शिरस्त्राणाच्या काचेवर आतून वाफ धरली. हात आत घालता येत नाही, म्हणून त्यांनी नाकाने घासून बघण्यापुरती जागा केली. इथेही बशीच! ज्या यंत्राची चाचणी घ्यायची होती ती सोडून त्यांना परत आत यावे लागले. पुढच्या मोहिमांत अंतराळवीर बाहेर पडण्याआधी काचेला आतून वाफ न धरणारे द्रावण लावू लागले. सैन्यातही या गोष्टीचा विचार ठिकठिकाणी केलेला दिसतो. चांगल्या दुर्बिणीत आतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात, म्हणजे थंडीत भिंगांच्या आतून पाणी बसत नाही. वायुमुखवट्यात बाहेरून घेतलेला श्वास आधी डोळ्यांच्या काचांवरून जाईल अशी रचना असते.

उपाय करूनही काच रोज भरत असेल तर पाणी कुठून येते ते शोधावे. पायाखालची मॅट उचलून पाहा. एसीची नळी कचऱ्याने तुंबली तर पाणी गाडीखाली न पडता आत मॅटखाली येते. डिकीत आठवडाभर विसरलेली ओली छत्री पुरे आहे. केबिन फिल्टर धुळीने बंद झाला तर वाराच येत नाही. आणि काचेवरची वाफ तेलकट असेल, गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटरमधून इंजिनाचे कूलंट गळत असण्याची शक्यता असते. तिथे शॅम्पूचा उपयोग नाही, गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

भेटीच्या रविवारी जुलै-ऑगस्टमध्ये कसारा किंवा खंबाटकी घाट चढून येणाऱ्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. पावसाळ्यात बाहेरची हवा उबदार आणि ओली असते. आत एसी जोरात असला की काच थंड होते आणि पाणी बाहेरून बसते. वर सांगितलेले उपाय मग उलटे पडतात. गार वारा काचेवर सोडाल तेवढी ती जास्त भरेल. अशा वेळी वायपर फिरवावा, वाऱ्याची दिशा काचेवरून काढून पायांकडे करावी आणि एसीचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवावे. बोटाची परीक्षा इथे कामाला येते.

शेवटची सूचना दादांकडून शिकलो. काच साफ झाली की लोक लगेच एसी बंद करतात, वारा मात्र चालू ठेवतात. थंड जाळीवर तेव्हा पाणी साचलेले असते. जाळी गरम होऊ लागली की ते सगळे पाणी वाफ होऊन वाऱ्याबरोबर थेट काचेवर येते आणि काही क्षणांत समोरचे दिसत नाही, तेही गाडी वेगात असताना. दादा दमदमच्या विमानतळावर आम्हाला पहाटे सोडायला येतात, तेव्हा अख्खे कोलकाता ओलांडून गाडी थांबेपर्यंत एसीच्या बटणाला हात लावत नाहीत. आई मागच्या सीटवर शाल घेऊन बसते.